लेसरने चष्म्याचा नंबर घालवताना : लाभ किती, जोखीम किती?

चष्म्यापासून कायमची सुटका मिळावी, अशी इच्छा असंख्य तरुण-तरुणींच्या मनात असते. कोणाला मैदानावर चष्मा अडचणीचा ठरतो, कोणाला भरतीच्या वैद्यकीय तपासणीत चष्म्याविना स्पष्ट दृष्टी सिद्ध करायची असते, तर कोणाचा नंबर इतका मोठा असतो, की सकाळी चष्मा हाती लागेपर्यंत भिंतीवरचे घड्याळही वाचता येत नाही. काही मिनिटांत पूर्ण होणारी आणि टाके नसलेली लेसर शस्त्रक्रिया अशा अनेकांना वरदान ठरली आहे. मात्र ही शस्त्रक्रिया निरोगी डोळ्यावर केली जाते, ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी लागते. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेखेरीज दुसरा उपाय नसतो. चष्मा वापरणाऱ्या व्यक्तीकडे मात्र चष्मा हाच सुरक्षित पर्याय आधीपासून असतो. म्हणूनच येथे लाभ आणि जोखीम यांचा तोल अधिक काटेकोरपणे साधणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रिया नेमकी कशावर होते?

डोळ्याच्या दर्शनी भागावर असलेल्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. डोळ्याची प्रकाश एकत्रित करण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असून त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर, म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक शक्ती, एकट्या पारपटलाची असते. त्याची मध्यभागातील जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त भरते. निकटदृष्टिता असलेल्या व्यक्तीचा नेत्रगोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. लेसरच्या साहाय्याने पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट केला, की ही प्रतिमा मागे सरकून योग्य ठिकाणी पडते. दूरदृष्टितेत याउलट पारपटलाच्या कडेचा भाग कोरून मध्यभागाचा उंचवटा वाढवला जातो. सिलिंड्रिकल नंबर असल्यास वेगवेगळ्या दिशांना कमी-अधिक प्रमाणात कोरले जाते.

या साऱ्या प्रक्रियेत नेत्रगोलाची लांबी मात्र बदलत नाही. चष्मा सुटतो, परंतु डोळा आतून निकटदृष्टीचाच राहतो. या साध्या वस्तुस्थितीचे परिणाम पुढील आयुष्यात जाणवतात.

शोधाची वाटचाल

पारपटलाचा आकार बदलून दृष्टिदोष दूर करण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे होसे बराकेर या नेत्रशल्यचिकित्सकाने पारपटलाची चकती काढून, गोठवून आणि घडवून पुन्हा बसवण्याची पद्धत विकसित केली. पुढे १९७० च्या दशकात मॉस्को येथे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी पारपटलावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सूक्ष्म छेद देण्याची पद्धत रूढ केली. या छेदांनी नंबर उतरत असे. मात्र अमेरिकेत दहा वर्षे चाललेल्या पाहणीत अशा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर शस्त्रक्रियेनंतर हळूहळू विरुद्ध दिशेला, म्हणजे दूरदृष्टितेकडे, एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक सरकल्याचे आढळले. तात्काळ यश आणि दीर्घकालीन यश या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा नेत्रवैद्यकाला त्यातून मिळाला.

आजच्या पद्धतीचा पाया न्यूयॉर्क राज्यातील आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात घातला गेला. भारतात जन्मलेले आणि मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये एक्सायमर लेसरचा जैविक ऊतीवर प्रयोग केला. सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या कूर्चेवर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडले असता, आजूबाजूचा भाग न भाजता अत्यंत नेटकी खाच पडल्याचे दिसले. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासमवेत हे तंत्र पारपटलावर वापरता येईल, असे दाखवून दिले. १९९० च्या सुमारास ग्रीसमधील योआनिस पालिकारिस यांनी पारपटलाचा पापुद्रा उचलून त्याखाली लेसर वापरण्याच्या पद्धतीला 'लॅसिक' हे नाव दिले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक्सायमर लेसरला चष्म्याच्या नंबरासाठी प्रथम मान्यता दिली. श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक प्रदान करण्यात आले.

तीन प्रमुख पद्धती

पहिली पद्धत पीआरके. यात पारपटलावरील पेशींचा सर्वांत वरचा थर दूर करून थेट पृष्ठभागावर लेसर वापरला जातो. हा थर तीन ते पाच दिवसांत पुन्हा तयार होतो. तोपर्यंत वेदना, पाणी येणे आणि प्रकाश सहन न होणे असा त्रास होतो. दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात आणि क्वचित पारपटलावर धूसरपणा येतो. मात्र पापुद्रा नसल्याने तो सरकण्याचा धोका राहत नाही.

दुसरी पद्धत लॅसिक. यात साधारण ९० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा फेम्टोसेकंद लेसरने किंवा सूक्ष्म पात्याने कापून बाजूला दुमडतात, त्याखालील भाग एक्सायमर लेसरने कोरतात आणि पापुद्रा पुन्हा बसवतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच स्पष्ट दिसू लागते. ही पद्धत लोकप्रिय होण्याचे मुख्य कारण हेच आहे.

तिसरी पद्धत स्माइल. यात फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराचा पातळ तुकडा तयार केला जातो आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून तो बाहेर काढला जातो. अमेरिकेत या पद्धतीला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. छेद लहान असल्याने कमी चेतातंतू तुटतात. मात्र ही पद्धत प्रामुख्याने निकटदृष्टिता आणि तिच्यासोबतचा सिलिंड्रिकल नंबर यांसाठीच वापरली जाते.

समाधान आणि त्रास : दोन वेगळे प्रश्न

लॅसिकसंबंधी १९८८ ते २००८ या काळात प्रसिद्ध झालेल्या जागतिक संशोधनाचा आढावा २००९ मध्ये घेण्यात आला. त्यात ९५.४ टक्के रुग्ण समाधानी असल्याचे आढळले. स्वेच्छेने करून घेतलेल्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे प्रमाण निश्चितच लक्षणीय आहे. परंतु २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घेतलेल्या जाहीर सुनावणीत काही रुग्णांनी कायमचा कोरडेपणा, वेदना, रात्रीची विस्कटलेली दृष्टी आणि त्यातून आलेले नैराश्य यांच्या व्यथा मांडल्या. त्यानंतर प्रशासनाने नौदल आणि नेत्रसंस्था यांच्या सहकार्याने रुग्णांच्या अनुभवांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. नौदलातील २६२ आणि नागरी जीवनातील ३१२ व्यक्ती त्यात सहभागी झाल्या. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले.

या अभ्यासातही ९५ टक्क्यांहून अधिक व्यक्ती आपल्या दृष्टीबाबत समाधानी होत्या. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टीची कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी नौदलाच्या गटात ४३ टक्क्यांपर्यंत आणि नागरी गटात ४६ टक्क्यांपर्यंत व्यक्तींनी तीन महिन्यांनी किमान एक नवे लक्षण नोंदवले. दिव्याभोवती वलय दिसणे, प्रकाशाने डोळे दिपणे, दिव्यातून किरणे फुटल्यासारखी वाटणे आणि दुहेरी प्रतिमा ही ती लक्षणे होत. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांपर्यंत व्यक्तींना तो नव्याने जाणवू लागला. या लक्षणांमुळे दैनंदिन कामात फार मोठी अडचण आलेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते.

ही दोन्ही आकडेवारी परस्परविरोधी वाटली, तरी ती एकाच वेळी खरी आहे. रात्री दिव्याभोवती पुसट वलय दिसणारी व्यक्ती, चष्मा सुटल्याच्या आनंदात, 'मी समाधानी आहे' असेच सांगते. या अभ्यासातील आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. रुग्णांनी डॉक्टरांना तोंडी सांगितलेल्या तक्रारींपेक्षा प्रश्नावलीत लिहिलेल्या तक्रारी दुपटीहून अधिक होत्या. त्यामुळे 'किती जण समाधानी आहेत' या प्रश्नाबरोबरच 'कोणती लक्षणे उद्भवू शकतात आणि ती आपल्या व्यवसायाला मानवतील काय' हा प्रश्नही विचारायला हवा. कार्यालयात काम करणाऱ्याला जे वलय किरकोळ वाटेल, तेच रात्री महामार्गावर समोरून येणाऱ्या वाहनांच्या प्रखर दिव्यांना तोंड देणाऱ्या चालकासाठी गंभीर ठरू शकते.

कोरडेपणाचे कारण पारपटलाच्या रचनेत आहे. पापुद्रा कापताना आणि लेसरने कोरताना अश्रूंचे संतुलन राखणारे सूक्ष्म चेतातंतू तुटतात. ते पुन्हा वाढण्यास अनेक महिने लागतात. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावे लागतात. बहुतेकांचा त्रास कमी होतो, परंतु काहींचा टिकून राहतो. अत्यल्प रुग्णांमध्ये चेतातंतूंशी निगडित तीव्र वेदना दीर्घकाळ राहतात आणि त्यांवर उपचार करणे कठीण असते. जंतुसंसर्ग, पापुद्र्याखालील दाह आणि पापुद्रा सरकणे या गुंतागुंती विरळ असल्या, तरी त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात. डोळ्यावर जोराचा आघात झाल्यास शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही पापुद्रा सरकल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे कुस्ती, मुष्टियुद्ध यांसारख्या खेळांतील व्यक्तींसाठी पापुद्रा नसलेल्या पद्धतीचा विचार केला जातो.

तुलनेसाठी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स पूर्णपणे निर्धोक नाहीत. ऑस्ट्रेलियातील २००८ च्या अभ्यासानुसार केवळ दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्यांमध्ये दर १०,००० व्यक्तींमागे वर्षाला सुमारे दोन जणांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झाला. लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे वीसपर्यंत गेले. वर्षानुवर्षे निष्काळजीपणे लेन्स वापरणाऱ्याची जोखीम साठत जाते. चष्म्याला मात्र असा धोका नाही.

पारपटलाचा जमाखर्च

लॅसिकनंतरची सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे एक्टेशिया. पारपटल प्रमाणाबाहेर पातळ किंवा कमकुवत झाल्यास डोळ्यातील दाबाने ते पुढे फुगू लागते आणि दृष्टी विकृत होत जाते. हा विकार शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकतो. त्याची वाढ रोखण्यासाठी रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांच्या साहाय्याने पारपटल घट्ट करण्याचा उपचार उपलब्ध आहे, परंतु गेलेली दृष्टी पूर्ववत होईलच, असे नाही.

हा धोका टाळण्यासाठी एक हिशोब मांडला जातो. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर उपचार करताना एक डायॉप्टर नंबर उतरवण्यासाठी सुमारे १२ मायक्रॉन जाडी कमी होते. पारपटल ५४० मायक्रॉनचे, नंबर उणे ६ आणि पापुद्रा ११० मायक्रॉनचा असेल, तर लेसरने ७२ मायक्रॉन कोरल्यावर पापुद्र्याखाली ३५८ मायक्रॉनचा थर उरतो. हा थर २५० मायक्रॉनपेक्षा कमी होऊ नये, असा पूर्वापार संकेत आहे. आता पारपटल ४८० मायक्रॉनचे आणि नंबर उणे १० असल्यास १२० मायक्रॉन कोरावे लागतील आणि खाली जेमतेम २५० मायक्रॉन उरतील. पहिल्या व्यक्तीत पापुद्रा आणि कोरलेला भाग मिळून सुमारे ३४ टक्के जाडी खर्च होते, तर दुसऱ्या व्यक्तीत सुमारे ४८ टक्के. हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेल्यास एक्टेशियाची शक्यता वाढते, असे संशोधन सांगते. एकच शस्त्रक्रिया, परंतु दोघांची जोखीम सर्वस्वी भिन्न. त्यामुळे शेजाऱ्याचा किंवा मित्राचा चांगला अनुभव स्वतःच्या डोळ्यासाठी पुरावा ठरत नाही.

केवळ जाडी पुरेशी असणे हेही पर्याप्त नाही. केराटोकोनस या विकारात पारपटल मुळातच कमकुवत असून शंकूप्रमाणे पुढे येते. त्याची सुप्त अवस्था चष्म्याच्या साध्या तपासणीत ओळखू येत नाही. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत २.३ टक्के लोकांमध्ये या विकाराकडे निर्देश करणारी, ४८ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक वक्रता आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ वक्रतेवरून निदान पक्के होत नसले, तरी ही आकडेवारी भारतीय रुग्णांबाबत दक्षतेची गरज अधोरेखित करते. वारंवार बदलणारा सिलिंड्रिकल नंबर, डोळे सतत चोळण्याची सवय आणि कुटुंबात हा विकार असणे या धोक्याच्या खुणा मानल्या जातात. पारपटलाच्या पुढील आणि मागील पृष्ठभागाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी व टोमोग्राफीची तपासणी म्हणूनच अनिवार्य मानली जाते.

भरती आणि विमा : नियम आधी वाचावेत

अनेक तरुण केवळ नोकरीसाठी ही शस्त्रक्रिया करून घेतात. अशा वेळी संबंधित सेवेचे नियम आधी न वाचल्यास पदरी निराशा येऊ शकते. रेल्वे भरती मंडळांनी २०२४ मध्ये काढलेल्या सहायक लोको पायलट पदाच्या अधिसूचनेत लॅसिक किंवा नंबर घालवणारी अन्य शस्त्रक्रिया केलेले उमेदवार अपात्र असल्याचे स्पष्ट केले होते. म्हणजे या पदासाठी केलेली शस्त्रक्रियाच उमेदवारीच्या मुळावर येते. संरक्षण दलांत सरसकट बंदी नसली, तरी अटी कडक आहेत. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेच्या अधिसूचनांमधील वायुसेनेच्या निकषांनुसार शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांपूर्वी झालेली नसावी, तिला किमान एक वर्ष उलटलेले असावे आणि पारपटलाची उरलेली जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, अशा अटी घालण्यात आल्या आहेत. ज्याचे पारपटल मुळात ५०० मायक्रॉनचे आणि नंबर उणे ५ आहे, त्याच्याकडे वरील हिशोबानुसार सुमारे ४४० मायक्रॉन उरतात. त्याला चष्म्याविना स्पष्ट दिसेल, पण तो निकषात बसणार नाही. हे निकष बदलत असल्याने चालू वर्षाची अधिसूचना पाहणे श्रेयस्कर.

विम्याबाबतही गैरसमज आढळतो. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर उतरवण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळता येतो. त्यामुळे बहुसंख्य रुग्णांना हा खर्च स्वतःच सोसावा लागतो.

कोणी थांबावे?

वय १८ वर्षांपेक्षा कमी असल्यास किंवा मागील वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदलला असल्यास शस्त्रक्रिया केली जात नाही. गर्भधारणा आणि स्तनपानाच्या काळात नंबरात चढउतार होत असल्याने ती पुढे ढकलली जाते. केराटोकोनस, तीव्र कोरडेपणा, पारपटलाचा नागीणजन्य संसर्ग, अनियंत्रित मधुमेह आणि जखम भरण्यात बाधा आणणारे संधिवातासारखे स्वप्रतिकारक आजार यांत लेसर टाळणे किंवा विशेष सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. पारपटल पातळ किंवा नंबर फार मोठा असल्यास डोळ्यात नैसर्गिक भिंगाच्या पुढे कृत्रिम भिंग बसवण्याचा पर्याय सुचवला जातो. त्यातही मोतीबिंदू, डोळ्यातील दाब आणि संसर्ग यांची वेगळी जोखीम असतेच.

चाळिशी चुकत नाही

विशीत लेसर करून घेतलेल्या व्यक्तीलाही चाळिशीच्या सुमारास वाचनाचा चष्मा लागतो, कारण वृद्धदृष्टिता पारपटलामुळे येत नसून डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी झाल्याने येते. उणे दोन किंवा तीन नंबर असलेली व्यक्ती चाळिशीनंतरही चष्मा काढून वृत्तपत्र वाचू शकते. शस्त्रक्रियेनंतर ही सोय संपते. पस्तिशी ओलांडलेल्यांनी या देवघेवीचा विचार अवश्य करावा.

लांब नेत्रगोलामुळे दृष्टिपटल फाटण्याची किंवा सुटण्याची शक्यता शस्त्रक्रियेनंतरही तेवढीच राहते. डोळ्यासमोर अचानक प्रकाशाच्या लकेरी किंवा काळे ठिपके दिसू लागल्यास त्वरित नेत्रतज्ज्ञ गाठावा. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदूचे निदान लांबू शकते. मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवतानाही नेहमीचे सूत्र चुकते. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, जाडी आणि वक्रतेच्या नोंदी आयुष्यभर जपून ठेवणे हिताचे आहे.

निर्णयापूर्वी

तपासणीपूर्वी मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा मोजमाप चुकते. आपल्या पारपटलाची जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, टोपोग्राफीत संशयास्पद काही आहे काय, कोरडेपणाची चाचणी झाली काय, नंबर पुन्हा आल्यास दुसऱ्यांदा कोरण्याइतकी जाडी शिल्लक राहील काय आणि गुंतागुंत झाल्यास उपचार कोण करणार, हे प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावेत. संमतिपत्र शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ न देता आधी घरी वाचण्यास मिळावे, असा आग्रह धरावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यातही रुग्णाला संभाव्य त्रासांची माहिती सोप्या भाषेत आधीच देण्यावर भर आहे.

योग्य रुग्णासाठी लेसर शस्त्रक्रिया परिणामकारक असून तिचे लाभ दीर्घकाळ टिकतात, यात शंका नाही. गंभीर हानी होणाऱ्या थोड्या रुग्णांपैकी अनेकांची जोखीम आधीच्या काटेकोर तपासणीत ओळखता येते. त्यामुळे यंत्र किती नवे आहे किंवा सवलत किती मिळते, यापेक्षा तपासणी किती कसून होते याला अधिक महत्त्व आहे. तपासणीनंतर 'तुमच्या डोळ्याला हे मानवणार नाही' असे सांगणारा डॉक्टर रुग्णाची निराशा करतो, परंतु त्याची दृष्टी वाचवतो. असा नकार मिळाला, तर दुसऱ्या केंद्रावर होकार शोधत फिरण्यापूर्वी त्या नकाराचे कारण समजून घेणे हेच शहाणपणाचे.